न तपासलेली पाती

बेसिंगस्टोक, १४ ऑक्टोबर २००६

ती. ताईस नमस्कार,

मी सुखरूप आहे आणि वेळेवर जेवतो. तू दिलेलं मेतकूट अजून पुरतंय. तुझा गुडघा कसा आहे?

तिरंदाजीच्या क्लबात मी स्वतःचे बाण बनवतो, हे तुला ठाऊक आहे. नळी कापायची, पिसं चिकटवायची, बाण सरळ जाईपर्यंत टोकाचं वजन बदलत राहायचं. इथे बाणाने शिकार करायला बंदी आहे, म्हणून आम्ही फोमच्या हरणांवर मारतो.

हंगेरीत बंदी नाही. ऑफिसातला मार्टिन म्हणाला, "इतके सरळ बाण करतोस आणि फोम मारत बसतोस?" जत्रेतला बोकडबळी थांबवा म्हणून तासभर गर्जणारा तुझा भाऊ त्या एका वाक्यावर पाघळला. गेल्या आठवड्यात त्याच्याबरोबर जाऊन आलो.

बाण मी साध्या टोकांवर जुळवले होते. शिकारीची रुंद पाती तिथे पोचल्यावर बसवली आणि एकदाही मारून पाहिली नाहीत. पात्यावर वारा बसतो, बाण भरकटतो. मला हे माहीत होतं, ताई! छातीऐवजी हरणाच्या पोटात बाण गेला. ते पळालं. अंधार पडेपर्यंत शोधलं, सापडलं नाही.

"होतं असं," मार्टिन म्हणाला. मी पाती काढून डब्यात ठेवली.

जत्रेच्या सभेत तू माझं भाषण ठेवलंस, असं बाबा फोनवर म्हणाले. माझं नाव वगळ. मी येईन, पण यंदा तू बोल. बोकड बळीतून सुटला, तर त्याची दोरी मी धरेन.

बाबांना हे सांगायचं का, ते तूच ठरव.

तुझा,
अपूर्व