पांढरी रेघ

३ मार्च
आलो एकदाचा! शहराच्या ऐन मध्यावर असूनही हे उपनगर शहराचं नाही. कारभार वेगळा, पाणी वेगळं, ऐट तर विचारूच नका. हद्द म्हणजे रस्त्यावरची पांढरी रेघ. दादा इथल्या कारभारी मंडळात. त्यानेच मला स्वतःच्या घरासमोर, कडेला, घर मिळवून दिलं. वर नोकरीही: दर आठवड्याला रेघ रंगवायची. तो खडूने खूण करणार, मी ब्रश फिरवणार. ज्याने जन्मात माझ्यासाठी बोट हलवलं नाही, त्याने एवढं केलं! डोळे भरून आले.

९ मार्च
माझ्याही पलीकडे, अगदी रेघेला लागून, एक निवृत्त मास्तर राहतात. रेघ बघून मार्क देतात. काल दहापैकी चार! वहिनी रोज जेवण पाठवते, पण नजरेला नजर देत नाही. दादा म्हणाला, तिचा स्वभावच तसला.

१५ मार्च
आज खूण मास्तरांच्या घराच्या अलीकडे. म्हणजे घर हद्दीबाहेर! दादा हसला. म्हणाला, शहराला अधूनमधून थोडं सोडावं लागतं, तेव्हा उरलेलं आपलं राहतं. असेल कागदोपत्री काही. रंगवून टाकलं. मास्तर गॅलरीतून ओरडले, आज मार्क कापणार.

१६ मार्च
मास्तरांचं दार सताड उघडं. चहा अजून गरम, शेजारी चष्मा. मास्तर नाहीत. ज्याला विचारावं तो म्हणतो, कोण मास्तर? दादासुद्धा! माझ्या तोंडावर!

२१ मार्च
भरदुपारी त्या रिकाम्या घरातून मास्तरांचा आवाज. ये, जवळून बघू दे, मार्क देतो. पुन्हा तेच. पुन्हा तेच. पळालो. दादाला म्हणालो, मी निघतो. त्याने खांद्यावर हात ठेवला. उद्याची रेघ तेवढी कर, मग मीच सोडायला येतो. बरं म्हटलं. सख्खा भाऊ आहे.

२२ मार्च
खाली मान घालून रंगवत गेलो. मान वर केली तर पाठीशी माझंच दार. रेघ गल्लीच्या मधोमध. पलीकडे दादा. रंगाचा डबा त्याच्या हातात.
म्हणाला, पोरं लहान आहेत माझी. शहराला रिकामं घर चालत नाही. तू आला नसतास तर आमची पाळी होती.
पाऊल उचलतो, रेघेपाशी अडतं. शहराचा गोंगाट थांबलाय.
भावा, तुझंच जेवण अजून पोटात आहे रे—

दुपार
मागच्या दारी दादा. हाका मारतोय. लहानपणीच्या नावाने. चुकलं माझं, उघड म्हणतो. केवढं बरं वाटलं! उठलोच.
पण चुकलं म्हणायला हा शिकला कधी—
समोर, त्याच्या घराच्या खिडकीत दादा. पडदा ओढतोय.
मग मागे
कडी मी काढली नव्ह