विहीणबाईंची खुर्ची

४ फेब्रुवारी
आज लेकीच्या घरी आले. जावयाने गाडीतून उतरवताना असं धरलं की जणू मी काचेची बरणी. लकव्याने डावा पाय गेलाय, जीभ जागेवर आहे, हे त्याला कळेल हळूहळू. खोली ऐसपैस आहे, ऊन थेट पलंगावर येतं. व्यायामाच्या बाई येऊन पाय वाकवून, ओढून, चिमटे काढून गेल्या. म्हणाल्या, आजी, पाय परत येईल, पण बसून राहिलात तर नाही यायचा. सारखं उठायचं, काठी घेऊन दारापर्यंत जाऊन यायचं. आणि रोज चार ओळी लिहायच्या, डोकंही बसायला नको. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ, पण लिहीन. फाटकापर्यंत एकटी चालत गेले की मला माझ्या घरी सोडायचं, हे लेकीकडून कबूल करून घेतलंय. मग मी आणि माझं घर.

७ फेब्रुवारी
खिडकीशी विहीणबाईंची खुर्ची आहे. विहीण म्हणजे जावयाची आई. तिलाही हाच आजार झाला, आणि ती गेली ती याच खुर्चीत. मुलाने पाय जमिनीला लागू दिला नाही म्हणून नातेवाईक अजून त्याचं कौतुक करतात. गादीत तिचा खड्डा तसाच आहे. लग्नात पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून आमचं वाजलं होतं. ती बसली ती उठलीच नाही, मी तासभर उभी. आज खड्ड्यात ऐटीत बसले आणि म्हटलं, घ्या विहीणबाई, फिटंफाट.

दाराशी जाताना पाय दुमडला. चौकट धरली म्हणून वाचले. लेकीने असा टाहो फोडला की मलाच तिला पाणी पाजावं लागलं.

१२ फेब्रुवारी
लेकीने व्यायामाच्या बाईंना येऊ नका म्हणून सांगितलं. म्हणे, मी घरीच करून घेईन. करून घेते ती फक्त चहा. पाणी, औषध, तोंड धुवायचं भांडं, सगळं हाताशी आणून ठेवलंय. काठी पलंगामागे गेली. मी ओरडले तर म्हणाली, आई, एवढी कसली घाई आहे?

दुपारी खुर्चीत होते. पाठीला कुणीतरी बोटं टोचली. वळून पाहिलं तर भिंत.

२० फेब्रुवारी
आता बोटं नाहीत, तळवे. दोन. खांद्यांच्या खाली, बर्फासारखे गार. ढकलतात. अंगावर काटा येतो, पण मी ओळखलं, विहीणबाईला खुर्ची परत हवीय. मेल्यावरही हिचा हेका जात नाही! मी दांडे घट्ट धरले आणि मागे रेलून बसले. दुपारभर आमचं चाललं होतं. मी काय हलते!

लेकीला वाटलं मी पुढे घसरतेय. जावयाने कपाटातून त्याच्या आईचा पट्टा काढला, कमरेभोवती घेऊन खुर्चीमागे बक्कल लावलं. बरं झालं. ढकल म्हणावं आता.

४ मार्च
पाय सुजलेत. डावा गुडघा सरळ होत नाही. चांगला पायही आज लाकडासारखा वाटला. ती अजून ढकलतेय, पण जोर कमी झालाय. दमली असेल.

९ मार्च
पट्ट्यात हात घातला. आतल्या बाजूला ओरखडे आहेत. नखांचे. खूप. माझे नाहीत.

बसून खाणारी बाई, म्हणायचे मी तिला —

ती ढकलते ते बाजूला नाही. वर. उठवतेय मला. पहिल्या दिवसापासून. आणि मी रेलून —

१० मार्च
लेकीला म्हटलं, पट्टा काढ. ती गळ्यात पडून रडली. तू पडलीस तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू, म्हणाली. जावई म्हणाला, आमची आईसुद्धा शेवटी शेवटी असाच हट्ट करायची.

चांगली माणसं आहेत. ओरडायचं कुणावर?

तारीख कुणी सांगत नाही
माझी चप्पल दिसत नाही. विचारलं. म्हणे, लागणार कशाला.

हात पाठीवर नुसते टेकलेत. ढकलत नाहीत —

सकाळ
लेक अंघोळीला गेलीय. बक्कल मागे. हात पोचत नाही — खट् झालं. कुणी काढलं — गार बोटं — पट्टा मांडीवर —

पाय जमिनीवर आहेत. दिसतात. जाणवत नाहीत. दोन्ही —

नळ बंद झाला. येईल आता ती —

विहीणबाई, नाही रेलणार मी. लावा जोर. खुर्ची नको मला, तुम्हीच घ्या, पण ढकला — अजून एकदा — अहो, ढक