शांताबाईंचं ताट

मंगळवार, पडेगाव

आज तिसऱ्या मजल्याचं उद्घाटन. पाळकसाहेब, हार, पेढे. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत सुरू झालेला आमचा वृद्धाश्रम केवढा वाढला! आणि मी एका ताटापुढं हरले.

आता ताटं ज्याच्या त्याच्या खोलीत जातात. शांताबाई मात्र त्या दोन खोल्यांपासूनच्या. तेव्हा सगळे सतरंजीवर बसले की मगच प्रार्थना, मगच घास. आजही ताटापुढं हात जोडून बसून राहिल्या.

"जेवा ना, शांताबाई."

"सगळे आल्याबिगर प्रार्थना कशी करायची, सिस्टर?"

त्यांचे सगळे केव्हाच कब्रस्तानात गेले. हे कसं सांगू? कुणी सांगायचं?

"येतायत," म्हणाले मी.

"मंग थांबते की."

वरण गार झालं. हात जोडलेलेच.