ये, आणि खुशाल डोल

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे न फोडताच ठेवून देशील, अशी भीती आहे. पण फोन उचलत नाहीस, मग करू काय? फाडायचंच असेल तर वाचून फाड, एवढं ऐक.

सायकलवाल्या काकांच्या दुकानामागची आपली खोली आहे तशीच आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी काका दुरुस्तीला आलेल्या सायकली भिंतीवर टांगतात, खुर्च्या मांडतात, आणि ग्रीसच्या वासात आमचं जॅझ सुरू होतं. लंबू वाजवतो तो उभा बास अजून त्याच्याहून उंच आहे. तुझ्या सॅक्सोफोनच्या जागी आम्ही कुणालाच घेतलं नाही. तिथे काकांनी हवा भरायचा पंप ठेवलाय. लंबू म्हणतो, निदान तो वेळेवर तरी असतो. हसलास ना? हसून घे, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही.

बाबांना ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, जवळजवळ येतच नाही. हिवाळ्यात एकदा त्यांच्या पाठीमागे माझ्या हातून पातेलं पडलं आणि त्यांनी मानसुद्धा वळवली नाही, तेव्हा मला कळलं. त्यांनी मला सांगितलं नाही, मला कळलंय हे मीही त्यांना सांगितलं नाही. तरी ते ड्रम्स वाजवत राहिले, माझ्याकडे बघून. मी पियानो वाजवताना मानेने ठेका दाखवायचे, ते तो बरोबर उचलायचे. लोकांना वाटायचं, बाई काय रंगलीय! माझी मान पार आखडून गेली रे, पण गाडी चालली होती.

मागच्या शुक्रवारी बाबांनी डोळे मिटले. त्यांची जुनी सवय, चाल आवडली की मिटतात. आम्ही शेवटाला आलो, थांबलो. ते थांबले नाहीत. एकटेच वाजवत राहिले, आणि त्यांना हात लावायचं धाडस आमच्यापैकी कुणालाच झालं नाही. त्यांनी मुद्दामच लांबवलंय असं लोकांना वाटलं. टाळ्या पडल्या. त्याही त्यांना ऐकू आल्या नाहीत. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझे हात मांडीवर ठेवलेले पाहिले. त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हापासून ते खोलीबाहेर येत नाहीत. ताट नेलं तसं परत येतं. ड्रम्स विकून टाका, असं काकांना सांगून मोकळे झालेत. ड्रमची एक स्टिक त्यांनी खिडकी आपटू नये म्हणून फटीत खोचलीय. ज्या माणसाला खिडकी आपटलेली ऐकूच येत नाही, त्याने! डॉक्टरांनी हात टेकले. मला फार भीती वाटते, धाकट्या. हा माणूस असा पडून पडून संपेल. मी स्वयंपाकघरात नळ सोडून रडते, आणि मग लक्षात येतं की नळ सोडायचीही आता गरज नाही.

तुमचं भांडण मला पाठ आहे. वाजवताना तू अख्खा डोलायचास, पार गुडघ्यांपासून. भरल्या खोलीत बाबा तुझ्यावर ओरडले, की वाजवायला आलायस की नाचायला, नीट उभा राहा. तू सॅक्सोफोन आवरलास आणि गेलास तो गेलासच. चूक कुणाची, हे उगाळत बसायचं त्राण आता माझ्यात नाही.

काल ताट ठेवायला गेले, तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आलेय हे त्यांना कळलं नव्हतं. स्वतःशीच बोलत होते, पण ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्याने. पोर बिचारी मान मोडून घेते माझ्यासाठी, म्हणाले, पण तिच्या मानेवरून मला काही नीट कळत नाही. तो डोलायचा ना, त्यात सगळं दिसायचं. म्हणून हे पत्र. शुक्रवारपर्यंत ड्रम्स विकू नका, असं मी काकांना सांगून ठेवलंय. बाबांना मी आणते, ओढत आणावं लागलं तरी आणते. तू काही बोलू नकोस, माफी मागू नकोस, त्यांनाही मागायला लावू नकोस. पंप मी उचलून ठेवते. तू फक्त त्यांच्यासमोर उभा राहा, आणि डोल.

तुझीच, मान आखडलेली
ताई