पाणी उभं राहतंय का

आई, मी आता काय काम करते हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी लातूरला डिप्लोमाला होते आणि तुझी एवढीच इच्छा होती की मला सावलीत बसायची नोकरी मिळावी. तशी मिळाली बघ. धाराशिवला भाड्याच्या घरात, मागच्या खोलीत माझं टेबल आहे, त्यावर दोन स्क्रीन आहेत, आणि पंख्याखाली बसून मी लांबलांबच्या कारखान्यांतल्या आजारी प्रेस तपासते. प्रेस म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारं यंत्र. तिच्या वरच्या जड लोखंडी ठोकळ्याला रॅम म्हणतात, आणि त्याला वरखाली करतो तो सिलिंडर. सिलिंडर म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढं जे आलं असेल तेच आहे ते: नळकांडं, आत सरकणारा दट्ट्या, दट्ट्याभोवती वायसर. तुझ्या हापशात पाणी होतं, इथं तेल असतं, आणि वायसरला आम्ही जरा ऐटीत सील म्हणतो. आतल्या दाबाचे आकडे इंटरनेटवरून माझ्याकडं येतात आणि त्यावरून काय बिघडलंय ते मी सांगते, यंत्राला बोटही न लावता. एखादं निदान बरोबर निघालं की मी खुर्चीतल्या खुर्चीत थक्क होते. इतक्या वर्षांत याची सवय व्हायला हवी होती, पण झाली नाही.

भूकंपानंतर सास्तूरचं नवं गावठाण बसलं, तेव्हा हापसे दुरुस्तीचं शिकायला बायकांना बोलावलं होतं. तू नाव दिलंस तर लोक हसले, आणि हसलेलं तुला खपायचं नाही, म्हणून तर तू नक्कीच गेलीस. पुढं आजूबाजूच्या गावांत कुठं हापसा बंद पडला की तुला निरोप यायचा. खांद्याला पान्यांची पिशवी, पदर कमरेला खोचलेला, आणि आता सगळ्यांनी बाजूला व्हावं असा चेहरा. कौतुक केलेलं तुला फार आवडायचं. कुणी नाही केलं तर घरी येऊन तू स्वतःच करायचीस, भाकरी थापता थापता, आणि आम्हाला ऐकावं लागायचं. पण पोचल्या पोचल्या तू पाना कधी काढला नाहीस. आधी पाणी भरणाऱ्या बायकांना विचारायचीस की सकाळी पहिलं पाणी लगेच येतं की दांडा हलवत बसावं लागतं. त्या एकमेकींचं बोलणं खोडत सांगायच्या आणि तू सगळ्यांचं ऐकून घ्यायचीस. घरात आमचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस कधी, तिथं मात्र ऐकायचीस.

माकणीच्या अलीकडं एक वस्ती होती, तिथला दिवस मला अजून दिसतो. उन्हाळ्याची सुट्टी आहे, मी तुझ्यासोबत आलेय. तू दांडा हापसून पाणी वर आणतेस, मग हात काढून घेतेस आणि ओट्यावर बसून चहा मागतेस. बायका बघत राहतात की ही बाई आली आणि बसली. तू म्हणतेस, "पाणी उभं ऱ्हातंय का बगू." मी कंटाळते आणि गंमत म्हणून दांड्याला दोन झटके देते. तू कप खाली ठेवतेस. मला वाटतं आता पाठीत बसणार, पण तू नुसती बघतेस. "उभ्या पाण्याला हात लावू न्हाय," म्हणतेस, "आता पुन्ना पयल्यापासून बसायचं." आणि आपण खरंच पुन्हा बसलो. बऱ्याच वेळानं तू दांडा खाली दाबलास, तो कोरडाच हलत राहिला, आणि तू सांगितलंस की हापसताना पाणी वर येतंय म्हणजे वरचं वायसर चांगलं आहे, थांबल्यावर उतरतंय म्हणजे खालची झडप गळतेय. पाइप वर काढले तर झडपेत खरंच खडा अडकलेला. जमिनीच्या पोटात, जिथं कुणाची नजर पोचत नाही, तिथलं तू चहा पिऊन सांगितलंस. त्या दिवशी मला तुझी भीती वाटली होती, देवळात गाभाऱ्यात वाटते तशी.

आता त्या प्रेसचं सांगते. पुण्याकडच्या एका लहान कारखान्यातली आहे. तिथल्या ऑपरेटरनं रॅम मध्यावर थांबवला, मोटर बंद केली, खाली पत्र्यावर जाडी मोजायचं हत्यार ठेवलं आणि तो जेवायला गेला. परत येऊन बघतो तर रॅम खाली आलेला आणि हत्यार त्याखाली चेपलेलं. मालकाचं म्हणणं, मोटर चालू असतानाच यानं रॅम खाली आणायच्या पेडलवर पाय ठेवला आणि आता नाकबूल करतोय. त्याला कामावरून काढायचं ठरत आलं होतं, फक्त माझा कागद हवा होता की मशीन चांगली आहे. मी आकडे पाहिले. काम चालू असतानाचा दाब अगदी जिथल्या तिथं, कुठं खोट नाही. अहवाल अर्धा टाइप करून झाला होता. मग त्या माणसाशीही बोलावं म्हणून फोन केला. बोलण्यावरून उमरग्याकडचा वाटला, दोन मुलांचा बाप. रागानं नाही, दमून गेल्यासारखं तो म्हणाला, "ताई, म्या पाय ठिवलाच न्हाय. माज्या हातानं रोज त्याच्याखाली पत्रा सरकिवतो म्या. माजाच हात गेला आसता की."

मी काय विचारावं या विचारात होते आणि तोंडून तुझा प्रश्न गेला. सकाळी कामावर आल्या आल्या रॅम कुठं असतो? तो म्हणाला, खालीच असतो की, संध्याकाळी वर ठेवून जातो आणि सकाळी खाली असतो, आपल्याला वाटलं ही मशीनच तशी. मी अर्धा अहवाल पुसून टाकला. मोटर तेलाचा पंप चालवत असते तेव्हा गळती दिसत नाही आई, गेलेलं तेल पंप लगेच भरून काढतो, म्हणून माझे सगळे आकडे चांगले होते. आणि पंप बंद झाला की त्या मशीनवर नोंदही बंद होत होती. कामात दोष झाकला जात होता आणि उभं राहिल्यावर तिच्याकडं बघायला कुणीच नव्हतं.

मग व्हिडिओ कॉलवरून मी त्यांना सगळं करायला लावलं. रॅमखालची जागा मोकळी केली, तो पूर्ण खाली येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू ठेवले, शेजारी मोजपट्टी लावली, रॅम मध्यावर थांबवून मोटर बंद केली आणि सगळ्यांना लांब उभं केलं. मोबाइलचा कॅमेरा पट्टीवर लावलेला. थोड्याच वेळात मालक म्हणाले, काही हलत नाही, काम खोळंबलंय, चालू करू का. मी म्हणाले, हात लावू नका, लावला तर पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागेल. म्हणाले, आणि आवाज तुझा होता.

आई, मी त्या पट्टीकडं बघत बसले होते. इथं खिडकीत कपडे वाळत होते, शेजारच्या घरी कुकर झाला, आणि तिकडं एवढं मोठं लोखंड नुसत्या कोंडलेल्या तेलावर उभं होतं. पट्टीवरची एक रेघ रॅमच्या कडेआड गेली. मग दुसरी. कुणी दाबलं नाही, कुणी शिवलं नाही. मग सिलिंडरजवळचा कॉक बंद करायला लावला, म्हणजे तेलाला बाहेरच्या झडपांकडं जायची वाटच राहिली नाही, तरीही तो उतरतच राहिला. बाहेर थेंबसुद्धा नाही. म्हणजे गळती आतच, दट्ट्याच्या सीलमधून. केसाएवढी फट असेल, आणि ती मला धाराशिवच्या खोलीत बसून दिसत होती. मी हात जोडले होते, हे नंतर लक्षात आलं. कुणाला जोडले ते विचारू नकोस. फोन चालूच होता. मग तो माणूस मालकांना हळूच म्हणाला, "साहेब, म्या पाय ठिवला न्हवता." मालक हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सिलिंडर उघडला, सीलला एका बाजूनं चीर होती.

परवा त्याचा फोन आला. नवं सील बसलं, आता रॅम संध्याकाळी ठेवला तिथंच सकाळी सापडतो, असं सांगत होता. मग त्यानं विचारलं, सकाळचं विचारायचं मला कसं सुचलं. मी म्हणाले, ते माझ्या आईचं आहे, सास्तूरची, हापसे दुरुस्त करणारी. तो खूश झाला, आपल्याच मुलखातली बाई म्हणून. आणि म्हणाला, "त्यांच्यामुळं माजं हात राह्यलं. त्यांना माजा नमस्कार सांगा." मी तोंड उघडलं होतं, पण शब्द निघाला तो एवढाच, "सांगते."

म्हणून हे लिहायला बसले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकता येणारही नाही. उमरग्याकडचा एक माणूस आहे आई, दोन्ही हात शाबूत आहेत त्याचे, त्यानं तुला नमस्कार सांगितलाय. तू गेलीस हे मी त्याला सांगितलं नाही.