खरखर कुठून येते

५ जानेवारी २०२५, रविवार
दोनशे अकरा माणसं! सासूबाईंच्या धान रोवण्याच्या गाण्यांना आज लाइव्हवर दोनशे अकरा माणसं होती. बहुतेक आपल्याच भागातली, कामासाठी हैदराबाद-पुण्याकडे गेलेली. पण खाली सारखं तेच लिहून येत होतं — आवाज घुमतो, मागे घूंऽ होते, सूर मधातच गायब होते. आई बिचाऱ्या डोळे मिटून गात होत्या. लाज मला वाटत होती, कारण फोन माझ्या हातात होता.

८ जानेवारी
सापडलं! फोन चार्जिंगला लावून लाइव्ह करत होते, म्हणून ती घूंऽ. पिन काढली, गेली. आणि ॲपमध्ये गोंगाट कमी करायचं एक बटण सुरूच होतं. आई सूर लांबवतात, त्यालाच ते गोंगाट समजून कापत होतं! बंद केलं.

११ जानेवारी
टिनाच्या छपराच्या खोलीत आवाज आदळतो. दोऱ्या बांधून चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या. लोकेश तलावावरून मासे घेऊन आला, दारातच थांबला. ‘‘गाणं हाय का धुणं हाय?’’ म्हणे. नवऱ्याला काय समजावायचं! पण चौथी दोरी त्यानेच बांधली.

१२ जानेवारी, रविवार
खरंच फरक पडला. शब्द न् शब्द कळतो म्हणतात लोक. नवा माईकही आला आहे, तोंडापासून चार बोटं लांब धरायचा.
आणि मोठी गोष्ट — भजन मंडळाच्या धनराजभाऊंचा फोन! मार्कंड्याच्या जत्रेत, महाशिवरात्रीला, त्यांच्या पेजवर आईंची गाणी लाइव्ह. हजारो लोक पाहतात ते पेज. आईंना सांगितलं तर कोणतं लुगडं नेसू, इतकंच विचारलं.

१९ जानेवारी, रविवार
सगळं साफ, फक्त वरच्या सुरात खरखर. नवा माईक खराब निघाला की काय?

२१ जानेवारी
माईकवर सुती कापड गुंडाळलं. आवाजाची पट्टी लाल होत होती, ती खाली आणली. खरखर आहेच.

२३ जानेवारी
आज नेट बंद करून फोनमध्येच रेकॉर्ड केलं. म्हटलं, नेटवर्कचा दोष असेल तर कळेल. खरखर तशीच.
मग त्याच जागी, त्याच अंतरावर, त्याच दोन ओळी मी म्हटल्या. ऐकलं — एकदम स्वच्छ! माईक चांगला आहे! मी उडीच मारली.
आणि मग खाली बसले. माईक चांगला आहे.
आईंना विचारलं. म्हणाल्या, ‘‘दिवाळीपासून हाय. घसा बसला असन म्हणलं.’’

२४ जानेवारी
दवाखाना जत्रेनंतर पाहू म्हणतात. ऐकतच नाहीत.

२५ जानेवारी
त्यांच्या कानाला हेडफोन लावून दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. आधी त्यांचं, मग माझं. आईंनी परत लावायला सांगितलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला. ‘‘चाल, कुठी नेतेस तिथी ने.’’

२८ जानेवारी
गडचिरोली. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर गाठ आहे, लहान. काढायची आणि तुकडा तपासायला पाठवायचा. इतक्या लवकर कसं लक्षात आलं, असं विचारलं त्यांनी. मी गोधड्यांपासून सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं.
येताना बसमध्ये आईंनी माझा हात सोडला नाही.

४ फेब्रुवारी
गाठ काढली. आता वाट पाहणं.

१० फेब्रुवारी
कॅन्सर नाही! साधी गाठ! लोकेश रिपोर्ट हातात घेऊन अंगणात रडला.
पण काही दिवस बोलणं बंद आणि दोन महिने गाणं बंद. धनराजभाऊंना नाही सांगायला फोन लावला, तर आईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि कट केला. माझ्या छातीवर बोट ठेवलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी बोट काढलं नाही.

१३ फेब्रुवारी
मी गाते, आई टाळी मारून थांबवतात, हाताने सूर चढवून दाखवतात. आज सोळा वेळा थांबवलं. सतराव्यांदा नाही!

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्री
मार्कंडा. आज फोन आईंनी धरला. गायले मी.