गोळी घ्यायच्या आधी

रविवार, आठ मार्च

प्रिय ठमे,
अनेक आशीर्वाद.

दाजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का, की आता दाजीच कुरकुरतात? सासूबाईंचा खोकला थांबला का? तुझं डोकं दुखायचं, ते चष्मा बदलल्यावर कमी झालं असेल. आणि लेक? ती नि जावईबापू वेळेवर जेवतात ना, की नोकरीपायी दोघंही उपाशी पळतात? तुझी वहिनी ठणठणीत. माझ्यावर ओरडण्याइतका आवाज शाबूत आहे.

दीड वर्ष तुझं पत्र नाही. चूक माझी, त्यावर येतोच. आधी एक गंमत सांगतो.

इथल्या मोठ्या दवाखान्यात हात थरथरण्याच्या आजारावर नवं औषध शोधतायत. अजून ते कुणाच्याही पोटात गेलेलं नाही. पण त्याची परीक्षा कशी घ्यायची, हे ठरवायला त्यांनी आजाऱ्यांनाच बोलावलं. आम्ही सातजण होतो. मी तिथे कसा, असं तुझ्या मनात येईल. जरा दम धर.

संशोधन करणारी डॉक्टरीण आपल्या लेकीच्या वयाची. चौथीत शाळा सुटलेल्या शिंप्याला तिनं खुर्ची दिली, चहा दिला. सोळा पानांचा मसुदा आधीच घरी पाठवला होता. शब्दकोश घेऊन मी तो तीन दिवस वाचला. त्यात होतं, रोग्याला दर महिन्याला सकाळी दहाला बोलवायचं आणि हाताची थरथर मोजायची. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. तेवढ्यात ती कौतुकानं म्हणाली, काका, तुमचा हात आज किती स्थिर आहे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दवाखान्यात जायचं असलं की मी बरोबर तासभर आधी थरथरीवरची माझी नेहमीची गोळी घेतो. एवढी मेहनत घेते बिचारी, तिच्यासमोर हातानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. ते मी तिथेच सांगून टाकलं.

त्यावर शेजारचा म्हातारा बसड्रायव्हर म्हणाला, “तपासणीला गाडी नेताना आपण धुऊन-पुसूनच नेतो की.” सगळे हसले, आणि एकेक करून सहाही जणांनी तीच लबाडी कबूल केली.

ती रागावली नाही. पेन खाली ठेवून तिनं विचारलं, “मग तुमचा खरा हात मी बघायचा कधी?”

मसुदा बदलला. आता तपासायला माणूस घरी येणार, सकाळी, गोळी घ्यायच्या आधी. आणि शर्टाची बटणंही लावायला सांगणार. ते बटणांचं मी सुचवलं.

तिचा प्रश्न मात्र माझ्यामागोमाग घरी आला.

ठमे, लेकीच्या लग्नाचे कपडे मी शिवणार, असा शब्द दिला होता. मग दुकानात काम फार आहे असं कळवलं आणि लग्नालाही आलो नाही. काम नव्हतं ग. हौसेनं कापड आणून कापायला बसलो नि कात्री भलतीकडेच गेली. दुसरं आणलं, तेही वाया गेलं. तसला हात घेऊन तुझ्या दारात यायचा धीर झाला नाही. दादाला बहिणीपेक्षा गिऱ्हाईक मोठं, असं तुला वाटलं. मी वाटू दिलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

हे पत्र आज गोळी घ्यायच्या आधी लिहितोय. अक्षर मुंगीएवढं आणि वाकडं आलंय. वहिनी म्हणाली, मी पुन्हा लिहून देते. मी नको म्हटलं. सध्या तुझा दादा असाच आहे. बघून घे, मग हवं तेवढं रागाव, पण कागदावर रागाव, आणि लवकर टपालात टाक.

तुझ्या शिव्यांचीही वाट बघणारा,
दादा